कापायचं कुठे?

रोबोकप या रोबोंच्या स्पर्धेतल्या स्मॉल साइज लीगमधला, म्हणजे छोट्या रोबोंच्या फुटबॉलमधला, रोबो १८० मिलिमीटर व्यासाच्या आणि १५० मिलिमीटर उंचीच्या दंडगोलात मावावा लागतो. ऐकताना ही जागा बरीच वाटते. पण त्यात चार चाकं, चार मोटरी, पुढच्या बाजूला चेंडू खेळवणारा फिरता रूळ, मधोमध चेंडूला ठोसा देणारं सोलेनॉइड (वीज मिळाली की दांडा झटक्यात ढकलणारी तारेची गुंडाळी), त्याचे वीज साठवणारे जाडजूड कपॅसिटर आणि बॅटरी बसवून झाली, की सर्किटसाठी उरते ती झाकणाखालची एक चकती. झाकणावर रंगीत ठिपके असतात, मैदानावर टांगलेल्या कॅमेऱ्यांना त्यांवरूनच कोण कुठे आहे ते कळतं, त्यामुळे ते सपाटच लागतं. कुठे टेंगूळ आलेलं चालत नाही. चकतीतही बॅटरी काढण्या-घालण्यासाठी खाच सोडायची, खांबांच्या स्क्रूंना जागा द्यायची, तारांना वळण्यापुरती मोकळीक ठेवायची. एवढं सगळं वजा करून जो हिरवा तुकडा हाती राहतो त्यावर रोबोचा मेंदू, मोटरींना वीज सोडणारे ड्रायव्हर, रेडिओ, सेन्सर आणि वीजपुरवठा मांडायचा असतो.

विद्यार्थ्यांच्या संघांसोबत असे सर्किट बोर्ड आखणं हे गेली काही वर्षं माझं सगळ्यात आवडीचं काम आहे. संघ कुठलाही असो, घोडं एकाच ठिकाणी पेंड खातं: बोर्ड एक करायचा की अनेक? एक केला तर जागा वाचते, जोड कमी होतात, सगळं एकदाच मागवता येतं. पण मग एका मोटरीचा ड्रायव्हर जळला तरी अख्खा बोर्ड काढावा लागतो. अनेक केले तर बिघडलेला तुकडा तेवढा बदलता येतो, पण प्रत्येक तुकड्यामागे एक कनेक्टर वाढतो. आणि कनेक्टर फुकट मिळत नाही. तो दोन्ही बाजूंच्या बोर्डांवर जागा खातो, उंची खातो, त्याच्या प्रत्येक पिनेत काही मिलिओहम रोध असतो, आणि रोबो दुसऱ्या रोबोवर आदळला की पहिला हादरा त्यालाच बसतो. आटोपशीर आणि मॉड्युलर हे दोन्ही गुण संघांच्या पहिल्या आराखड्यावर शेजारी शेजारी लिहिलेले दिसतात. प्रत्यक्षात एकाला दिलेली जागा दुसऱ्याकडून काढून घ्यावी लागते. त्यामुळे बोर्ड कापायचा की नाही, यापेक्षा मोजकेच काप परवडणार असतील तर ते नेमके कुठे घ्यायचे, हा प्रश्न मला खरा वाटतो.

नवखा संघ पहिला कागद काढतो तो चौकोनांचा. एक चौकोन वीजपुरवठ्याचा, एक मेंदूचा, एक चारही मोटरींचा, एक सेन्सरांचा, मध्ये बाण. मग त्याच चौकोनांचे बोर्ड होतात. दिसायला हे अगदी रीतसर असतं, पण मला ही विभागणी पटत नाही. काम कसं चालतं हे चौकोन सांगतात. ते कुठे बंद पडतं याबद्दल ते काहीच बोलत नाहीत. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी सॉफ्टवेअरच्या संदर्भात असाच मुद्दा मांडला होता. प्रोग्रॅमचे भाग फ्लोचार्टच्या पायऱ्यांप्रमाणे पाडू नयेत. जे निर्णय पुढे बदलण्याची शक्यता आहे त्यांतला एकेक निर्णय एकेका भागाच्या पोटात झाकून ठेवावा, असं त्यांचं म्हणणं. तांबं आणि सिलिकॉनच्या बाबतीत मी त्यात थोडी भर घालते: बदलू शकणाऱ्या निर्णयांइतकीच जळू शकणाऱ्या भागांची यादी करा, आणि काप त्या यादीवरून ठरवा.

ही दृष्टी काही नवी नाही. १९४६ साली जगापुढे आलेल्या इनियाक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. एवढ्या नळ्यांमध्ये एखादी कधीही मान टाकणार, हे तो बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याची आकडे मोजणारी दशक-मंडलं खेचून काढता येतील आणि दुसरी आत सरकवता येतील अशी बांधली होती. बिघाड होणार हे धरूनच तिथे काप घेतला गेला. आपल्या हातातला रोबो इनियाकच्या तुलनेत चिमूटभर आहे, पण मला त्या यंत्राशी आमचं थेट नातं वाटतं.

काप बरोबर पडला आहे की नाही, हे दोन सामन्यांच्या मधल्या वेळात पिटमध्ये, म्हणजे मैदानाबाहेरच्या दुरुस्तीच्या जागेत, कळतं. तिथे जागा टेबलाच्या कोपऱ्याएवढी असते, गोंगाट असतो, आणि रोबो हातात असतो तेव्हा पुढच्या सामन्यासाठी नाव पुकारलं जात असतं. असाच एक प्रसंग माझ्या लक्षात राहिला आहे. त्या रोबोत प्रत्येक मोटरीच्या ड्रायव्हरचं वेगळं कार्ड होतं, म्हणजे आपापल्या खणातून सहज निघणारा छोटा बोर्ड.

"ताई, तीन नंबरचं चाक नुसतं थरथरतंय. बाकीची नीट आहेत."

"कार्डावर लाल दिवा आहे का?"

"आहे."

"मग आधी कार्ड बदल. का झालं ते नंतर बघू."

संघातल्या त्या मुलीने झाकण काढलं, दोन स्क्रू सोडवले आणि अंगठ्याच्या नखाने कार्ड एका कडेने अलगद उचललं. नवं कार्ड बसलं, बॅटरी जोडली, आणि कार्डावरचा हिरवा दिवा तीनदा लुकलुकला. तीनदा म्हणजे मी तिसऱ्या खणात बसलोय. मोटर फिरली. रोबो मैदानावर गेल्यावर आम्ही जुनं कार्ड उजेडात धरून पाहिलं. वीज चालू-बंद करणाऱ्या सहा मॉस्फेटपैकी एकाच्या काळ्या अंगावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला होता, त्याच्या कडा राखाडी झाल्या होत्या आणि शेजारचा हिरवा लेप तपकिरी पडला होता. नाकाशी नेलं तर तो ओळखीचा तिखट, जळका वास. मॉस्फेट शॉर्ट होऊन गेला होता, पण त्याच्यासोबत कार्डापलीकडचं काहीही गेलं नव्हतं. मेंदू शाबूत होता, बाकी तीन चाकं शाबूत होती. मला त्या क्षणी झालेला आनंद सामना जिंकल्याच्या आनंदापेक्षा कमी नव्हता.

पिटमधल्या अशा प्रसंगांतूनच माझी मॉड्यूलची व्याख्या तयार झाली. जो भाग सोल्डरिंग आयर्न न तापवता, लॅपटॉप न उघडता, एकाच मापाच्या स्क्रूड्रायव्हरने, दमलेल्या माणसाला बदलता येतो, तो मॉड्यूल. ज्याच्यासाठी आधी पाच तारा सोडवाव्या लागतात आणि मग त्या कुठल्या क्रमाने लावायच्या हे आठवावं लागतं, तो फक्त वेगळा बोर्ड. बोर्डांवर बोर्ड रचण्याची पद्धत मी याच कारणाने टाळते. पीसी/१०४ हे १९९२ पासूनचं प्रमाण तशा रचनेचं उत्तम उदाहरण आहे, ९० बाय ९६ मिलिमीटरची कार्डं एकमेकांच्या डोक्यावर बसतात, आणि औद्योगिक यंत्रांत ते छान चालतं. पण पुस्तकांच्या चळतीतलं तळाचं पुस्तक काढायचं तर वरची सगळी हलवावी लागतात, तसंच तिथे होतं. पिटमध्ये तेवढा वेळ नसतो. म्हणून मी कार्डं शेजारी शेजारी बसवते: खाली एक तळबोर्ड, त्यावर चार मोटरींची चार एकसारखी कार्डं, मधे मेंदूचं कार्ड. कुठलंही कार्ड दुसऱ्याला धक्का न लावता निघालं पाहिजे.

एकसारखी हा शब्द फार मोलाचा आहे. डाव्या चाकाचं कार्ड वेगळं आणि उजव्याचं वेगळं, आरशातल्या प्रतिमेसारखं, असं केलं तर तळबोर्डची आखणी सोपी होते, पण जवळ बाळगायच्या सुट्या कार्डांचे प्रकार दुप्पट होतात, आणि ऐन वेळी हाताला नेमकं नको ते लागतं. कार्ड एकच ठेवायचं आणि तळबोर्डवरचा कनेक्टर हवा तसा फिरवायचा. वळणावळणाचे ट्रेस, म्हणजे बोर्डवरच्या तांब्याच्या वाटा, तळबोर्डने सोसावेत. तो क्वचितच जळतो.

आता त्या तीनदा लुकलुकणाऱ्या दिव्याबद्दल. चार एकसारख्या कार्डांना आपण कुठल्या चाकावर आहोत हे कळायचं कसं? बरेच संघ प्रत्येक कार्डात वेगळा क्रमांक घालून फर्मवेअर, म्हणजे कार्डावरच्या चिपमधला प्रोग्रॅम, भरतात, आणि मग सुटं कार्ड लावताना लॅपटॉप शोधत फिरतात. ओळख कार्डात ठेवूच नये. ती खणात ठेवावी. कनेक्टरच्या दोन पिना ओळखीसाठी राखायच्या. कार्डावर त्या रेझिस्टरने वीजपुरवठ्याच्या व्होल्टकडे वर ओढलेल्या असतात. तळबोर्डवर प्रत्येक खणात त्या वेगळ्या पद्धतीने ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडायच्या किंवा मोकळ्या सोडायच्या. दोन पिनांत चार पत्ते मिळतात, चाकंही चारच. कार्डाने सुरू होताना त्या वाचल्या की झालं.

पण मी दोनाऐवजी तीन पिना देते, आणि त्या तिसऱ्या पिनेवर माझा फार जीव आहे. नियम असा: कुठल्याही खणात ग्राउंडला जोडलेल्या पिनांची संख्या विषमच असेल, एक किंवा तीन. तीन पिनांत अशा जोडण्या बरोबर चार होतात. समजा हादऱ्याने यातल्या एका पिनेचा संपर्क सुटला, तर संख्या सम होते आणि कार्डाला कळतं की आपल्याला मिळालेला पत्ता खोटा आहे. कार्ड टेबलावर एकटंच पडलं असेल तर एकही पिन ग्राउंडला नसते, शून्यही समच. दोन्ही वेळा कार्ड मोटर फिरवायला नकार देतं आणि लाल दिवा लावून बसतं. एका जास्तीच्या पिनेत चुकीचं चाक फिरण्याची भीती गेली आणि टेबलावर अचानक मोटर सुटण्याचीही.

कार्डावर काय घ्यायचं आणि तळबोर्डवर काय ठेवायचं, याचा सगळ्यात कठीण निर्णय मोटर ड्रायव्हरच्या बाबतीत येतो. ब्रशलेस मोटरीला तीन हाफ-ब्रिज लागतात, म्हणजे वरखाली जोडलेल्या मॉस्फेटच्या तीन जोड्या, एकूण सहा मॉस्फेट. वरचा आणि खालचा मॉस्फेट आळीपाळीने चालू-बंद होत राहतात, सेकंदाला हजारो वेळा. जाडजूड कपॅसिटर जागा खातात, म्हणून ते सगळ्यांना मिळून तळबोर्डवर ठेवावेत आणि कार्ड बारीक करावं, असा मोह इथे होतोच. तो मोह महागात पडतो, आणि का ते साध्या हिशेबाने दाखवता येतं.

मॉस्फेट बंद होतो तेव्हा त्यातून जाणारा २० अँपिअरचा प्रवाह ५० नॅनोसेकंदांत थांबतो असं धरा. कनेक्टरच्या पिनेतून जाणं आणि परत येणं मिळून २० नॅनोहेन्री इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहाच्या बदलाला तारेचा विरोध, सहज होतो. इंडक्टन्स गुणिले प्रवाह बदलण्याचा वेग, म्हणजे २० नॅनोहेन्री गुणिले २० अँपिअर भागिले ५० नॅनोसेकंद: ८ व्होल्ट. १६.८ व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीवर प्रत्येक वेळी ८ व्होल्टचा सुळका चढतो, सेकंदाला हजारो वेळा. ३० व्होल्टचे मॉस्फेट निवडले असतील तर ते अगदी काठावर आले. म्हणून मॉस्फेट आणि त्यांच्यालगतचे सिरॅमिक कपॅसिटर यांची ताटातूट कधीही करायची नाही. प्रवाह जिथे झटक्याने तुटतो ते वर्तुळ शक्य तितकं लहान आणि पूर्णपणे एकाच कार्डाच्या आत राहिलं पाहिजे. काप घ्यायचा तर तो जिथे प्रवाह संथ आहे तिथे: बॅटरीकडून येणाऱ्या तारेवर, मोटरीकडे जाणाऱ्या तारांवर, आणि आदेश वाहणाऱ्या बसवर, म्हणजे सगळ्या कार्डांच्या सामाईक तारांवर. मोटर झटकन थांबवली की तिची ऊर्जा उलटी बॅटरीच्या दिशेने येते. तिला पोटात घेणारे मोठे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र तळबोर्डवर चालतात, कारण ते काम मिलिसेकंदांचं असतं, नॅनोसेकंदांचं नसतं.

आदेशांसाठी मी कॅन बस वापरते. बॉशने ती मोटारगाड्यांसाठी तयार केली आणि १९८६ साली जगापुढे मांडली. दोन तारांमधला फरक वाचायचा, त्यामुळे दोन्ही तारांवर सारखाच गोंगाट आला तर तो वजा होऊन जातो. आणि दोन कार्डं एकाच वेळी बोलायला लागली तर लहान क्रमांकाचा संदेश पुढे जातो, दुसरा थांबतो, बिघडत कोणीच नाही. याउलट आयस्क्वेअरसी ही फिलिप्सची १९८२ची बस एकाच उपकरणाच्या पोटातल्या चिपांनी एकमेकींशी बोलावं म्हणून घडवलेली आहे. तिच्या तारांची एकूण कपॅसिटन्स ४०० पिकोफॅरडच्या आत ठेवायची असते. मोटरींच्या शेजारून लांब तारा नेऊन तिच्यावर चाकं चालवणारे संघ मी पाहिले आहेत. रोबो मधेच गोठतो आणि दोष कोडमध्ये शोधला जातो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कॅन बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लागतात. ते कार्डांवर ठेवू नयेत. कार्ड कुठल्याही खणात बसणार असेल तर टोक कोणतं हे त्याला माहीत नसतं. टोकं तळबोर्डला माहीत असतात. दोन्ही रेझिस्टर तळबोर्डवर असले की तपासणीही सोपी. वीज बंद करून मल्टिमीटर दोन तारांना लावा: ६० ओहम दिसले तर बस ठीक, १२० दिसले तर कुठेतरी एक टोक तुटलंय. पिटमध्ये यासारखी लगेच उत्तर देणारी चाचणी दुसरी नाही.

तळबोर्डच्या तांब्याबद्दलही बोललंच पाहिजे, कारण स्क्रीनवर ट्रेस ही नुसती रेघ असते आणि रेघेला रोध दिसत नाही. नेहमीच्या बोर्डवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. अशा तांब्याच्या कोणत्याही चौरसाचा रोध, तो लहान असो की मोठा, साधारण अर्धा मिलिओहम. मग ५ मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर लांब ट्रेस म्हणजे ओळीने दहा चौरस, म्हणजे ५ मिलिओहम. त्यातून २० अँपिअर नेले तर २ वॅट उष्णता बोटभर पट्टीत. चौरस मोजण्याची ही रीत मी प्रत्येक नव्या मुला-मुलीला पहिल्याच दिवशी शिकवते. एकदा ती डोळ्यांत बसली की आखणी बदलते: रेघांच्या जागी पसरट तांब्याची मैदानं येतात, आणि चार थरांच्या बोर्डातला एक थर अखंड ग्राउंडसाठी मोकळा सोडायला कोणी कुरकुर करत नाही.

मोटरींचा जोर आणि मेंदूचा वीजपुरवठा एकाच बॅटरीवर असतो. बॅटरी, तिच्या तारा आणि कनेक्टर मिळून ४० मिलिओहम धरा. चारही मोटरींनी एकदम ६० अँपिअर मागितले की २.४ व्होल्ट वाटेतच गळतात. बॅटरी उतरलेली असेल, त्यात कनेक्टरचा संपर्क हादऱ्याने क्षणभर सुटला, तर मेंदू रीसेट होतो, आणि रोबो मैदानाच्या मध्यावर निर्जीव उभा राहतो. उपाय साधा आहे: मेंदूच्या वाटेवर वीज एकाच दिशेने सोडणारा एक डायोड आणि त्याच्यामागे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मेंदू अर्धा अँपिअर घेत असेल तर ५ मिलिसेकंदांत तो कपॅसिटर फक्त २.५ व्होल्ट खाली येतो. तेवढ्यात संपर्क परत जुळतो. बॅटरी उलटी लागली तर अडवणारी सोय, फ्यूज, सुळके खाणारा टीव्हीएस डायोड, ही बाकीची राखण तळबोर्डच्या दाराशीच असावी. ती प्रत्येक कार्डावर पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही.

चेंडू मारणाऱ्या सर्किटचा काप मात्र जळण्या-बदलण्याच्या हिशेबाने घ्यायचा नसतो. तिथे प्रश्न माणसाच्या जिवाचा आहे. सोलेनॉइडला झटका देण्यासाठी कपॅसिटर २०० व्होल्टच्या आसपास भरले जातात. ३००० मायक्रोफॅरड २०० व्होल्टला भरले की त्यांत ६० जूल साठतात. एवढी ऊर्जा चुकून हातातून गेली तर काय होईल हे प्रयोग करून पाहायचं नाही. हे कार्ड इतरांपासून लांब, स्वतःच्या आवरणात, आणि त्याच्याकडे जाणारे सगळे आदेश ऑप्टोकप्लरमधून, म्हणजे तारेच्या जोडाऐवजी प्रकाशाने. बॅटरी काढल्यावर कपॅसिटर आपोआप रिकामे व्हावेत म्हणून समांतर रेझिस्टर हवा, आणि तिथेही हिशेब करायलाच हवा. १० किलोओहम लावला तर २०० वरून ५० व्होल्टच्या खाली यायला चाळीसेक सेकंद लागतात, आणि सुरुवातीला त्या रेझिस्टरवर ४ वॅट पडतात. पाव वॅटचा रेझिस्टर तिथे टिकणार नाही, आणि तो जळून तुटला तर कपॅसिटर भरलेलेच राहतील, तेही कुणाला न कळता. म्हणून मी दोन रेझिस्टर वेगवेगळ्या जागी लावते आणि एक एलईडी थेट कपॅसिटरवरच चालवते. तो दिवा मेंदूच्या भरवशावर नसतो. तो लागलेला असेल तोवर कोणाचाही हात आत जात नाही, माझाही नाही.

इथवर वाचून असं वाटेल की मी सगळ्याच रोबोंचे तुकडे पाडायला निघाले आहे. तसं नाही. चक्रव्यूहातून धावणाऱ्या रोबोंची मायक्रोमाउस ही स्पर्धा बघा. १८० मिलिमीटरच्या चौकटींचं १६ बाय १६ चं चक्रव्यूह, आणि त्यातून धावणारा तळहातावर मावणारा उंदीर. वेगवान उंदरांमध्ये बोर्ड हाच सांगाडा असतो: मोटरी त्यालाच स्क्रूने लावलेल्या, चाकं त्याच्याच कडेला, सेन्सर त्याच्याच नाकावर सोल्डर केलेले. तिथे एक कनेक्टर वाढवणं म्हणजे वजन आणि उंची वाढवणं, आणि वळणावर घसरणं. मोटरी इवल्याशा, प्रवाह कमी, टकरी कमी, त्यामुळे ड्रायव्हर जळण्याची शक्यताही कमी. अशा ठिकाणी एकसंध बोर्ड हाच योग्य, आणि तो ज्या धिटाईने केलेला असतो ती पाहून मला दर वेळी हेवा वाटतो. बदलायचंच असेल तर अख्खा उंदीर बदलावा. तोच तिथला मॉड्यूल.

आमच्याकडे टकरी असतात. म्हणून कार्डाचा भार कनेक्टरवर कधीच येऊ देत नाही. तो स्क्रूंनी घ्यायचा, कनेक्टरने फक्त वीज वाहायची. एका कार्डाला शक्यतो एकच कनेक्टर. दोन दिले की दोघांचं सोल्डरिंग केसभर जरी इकडेतिकडे झालं तरी कार्ड जोर देऊन बसवावं लागतं, आणि तो जोर कायमचा सोल्डरच्या सांध्यांवर राहतो. कनेक्टर उलटा बसणारच नाही असा हवा, हे तर उघडच आहे. अर्दुइनो ऊनो या शिकणाऱ्यांच्या आवडत्या बोर्डच्या एका बाजूच्या दोन पट्ट्यांमध्ये नेहमीच्या ०.१ इंचाच्या पटीत न बसणारी ०.१६ इंचाची फट आहे. ती साध्या छिद्रांच्या बोर्डवर काम करणाऱ्यांना फार छळते, पण तिच्यामुळे शील्ड, म्हणजे वर बसणारं जोडकार्ड, चुकीच्या जागी सरकून बसत नाही. मी कार्डाच्या कडेला मुद्दाम एक खाच ठेवते आणि तळबोर्डवर तिच्यात जाणारा खुंट.

स्क्रूजवळच्या कपॅसिटरांचं दुखणं मात्र डोळ्यांना दिसत नाही. बहुस्तरीय सिरॅमिक कपॅसिटर दगडासारखा कडक आणि तितकाच ठिसूळ असतो. स्क्रू आवळताना बोर्ड किंचित वाकला तरी त्याला आतून तडा जातो, आणि तडा गेलेला कपॅसिटर बऱ्याचदा शॉर्ट होतो. बॅटरीच्या तारेवर तो शॉर्ट झाला तर धूर निघतो. म्हणून स्क्रूपासून अंतर ठेवायचं, कपॅसिटरची लांब बाजू बोर्डच्या कडेला समांतर ठेवायची, आणि बॅटरीच्या वाटेवर शक्यतो दोन कपॅसिटर एकामागे एक, एकमेकांशी काटकोनात, म्हणजे एकाच वाकण्याने दोघांना तडा जाणार नाही. आणखी एक मेख: या कपॅसिटरवर लिहिलेला आकडा शून्य व्होल्टचा असतो. लहान आकाराचा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर त्याच्या कमाल व्होल्टच्या जवळ वापरला तर निम्म्याहून कमी उरू शकतो. आटोपशीरपणाच्या हौसेने सगळंच लहान करत गेलं की हा हिशेब नकळत मुळावर येतो.

बोर्डवरची पांढरी छपाई मी स्वतः करते, ते काम कोणालाही देत नाही. प्रत्येक कनेक्टरशेजारी त्याचं नाव, प्रत्येक टोकाशेजारी किती व्होल्ट दिसायला हवेत तो आकडा, प्रत्येक दिव्याशेजारी त्याचा अर्थ. हे ज्याने बोर्ड आखला त्याच्यासाठी नसतं. तो पुढच्या वर्षी संघात नसतो.

फर्मवेअरही कार्डाचाच भाग आहे, हे मात्र तांब्यात रमलेल्या आम्हा लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. कपाटात पडून राहिलेलं सुटं कार्ड जुनी आवृत्ती घेऊन येतं आणि वेगळी भाषा बोलतं. म्हणून सुरू होताच प्रत्येक कार्ड बसवर एक हजेरीचा संदेश टाकतं: खण कुठला, कार्डाचा प्रकार कोणता, आवृत्ती कोणती, आणि मागच्या वेळी रीसेट कशामुळे झाला. चौघांची आवृत्ती जुळली नाही तर मेंदू सामन्याला नकार देतो आणि जुळवून घेण्यासाठी बसवरूनच नवी आवृत्ती पाठवतो.

सध्या टेबलावर पुढचा तळबोर्ड आहे आणि जायरोवरून, म्हणजे रोबो किती वळतो ते मोजणाऱ्या सेन्सरवरून, आमच्यात वाद चालू आहे. माझं म्हणणं, जायरो थेट तळबोर्डवर, चकतीच्या मध्याशी सोल्डर करावा: जागा पक्की, कनेक्टर नाही, आणि मेंदूचं कार्ड बदललं तरी त्याचा कल बदलत नाही. ज्या मुलीने त्या दिवशी तिसरं कार्ड बदललं होतं तिचं म्हणणं वेगळं आहे. तळबोर्ड स्क्रूंनी ताणला जातो, त्या ताणाने जायरोचं शून्य सरकतं. त्याला स्वतःचं बोटभर कार्ड द्यावं, आणि त्या कार्डावरच एक छोटी मेमरी, म्हणजे त्याचे दुरुस्तीचे आकडे त्याच्यासोबतच प्रवास करतील. एक कनेक्टर वाढेल, हे तिला मान्य आहे. तिने पिनाही मोजल्या आहेत: वीज एक, ग्राउंड दोन, चिपांनी आपसात बोलायच्या एसपीआय बसच्या चार, मेंदूला हाक देणाऱ्या इंटरप्टची एक, एकूण आठ. मेमरीसाठी एसपीआयची आणखी एक निवड-पिन लागेल हे मी दाखवलं, तेव्हा ती दोनातलं एक ग्राउंड सोडायला निघाली. ग्राउंड सोडायचं नाही, नववी पिन घे, म्हटलं. आता नऊ पिनांचं ते कार्ड बॅटरीच्या खाचेशेजारी मावतं का, ते ती आखून बघते आहे.